मुलाखतीआधी तुला

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या प्रायव्हेट इक्विटीतल्या, म्हणजे कर्ज काढून कंपन्या विकत घेणाऱ्या फंडातल्या, मुलाखतीबद्दल बोलताना तू म्हणालीस, "आई, हे तुझ्या बँकेतल्या कर्जासारखं नसतं," आणि फोन ठेवलास. रागावले नाही मी. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

माझं म्हणणं इतकंच होतं, की मॉडेल, म्हणजे कंपनीच्या पुढच्या आकड्यांचं गणित, तू झोपेतही बांधशील, पण धंदा घसरला तर काय, याचं उत्तर तयार आहे का? असोसिएट या खालच्या पदासाठी मॉडेल येतं का हे तपासतात. सीनियर असोसिएटच्या जागेसाठी समोर बसलीस की ते येतं असं धरूनच चालतात. तिथे विचारतील की हे डील तू स्वतः केलं असतंस का. वकील, अकाउंटंट, सल्लागार यांचे अहवाल एकमेकांशी जुळले नाहीत तेव्हा कोणाचं खरं मानलंस? हाताखालच्या मुलांचं काम कसं तपासतेस? तुझ्या रेझ्युमेत सगळीकडे "टीमने केलं" असं आहे. टीमने केलं हे खरंच आहे, पण त्यात तू काय केलंस ते सांग. नम्रपणापायी तू स्वतःला पुसून टाकतेस, लहानपणापासूनच.

कागदावरचं एलबीओ, म्हणजे कर्ज काढून कंपनी घेण्याचं गणित, तू शंभर वेळा सोडवलं असशील. तरी एकदा उलट्या बाजूने सोडवून बघ. १०० एबिटडाची, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधी १०० कमावणारी कंपनी त्याच्या ८ पटीला, म्हणजे ८०० ला घेतली. ४०० कर्ज, ४०० इक्विटी, म्हणजे फंडाचे स्वतःचे पैसे. पाच वर्षांत एबिटडा १२५ झाला, पट तीच राहिली, कर्ज २०० वर आलं. किंमत १०००, कर्ज वजा जाता इक्विटी ८००, म्हणजे दुप्पट, आयआरआर, म्हणजे वार्षिक परतावा, साधारण १५ टक्के. हे सगळेच सांगतात. आता एबिटडा ७५ वर घसरू दे. कंपनीची किंमत ६००, आणि कमाईच कमी म्हणून कर्जही जेमतेम ३०० पर्यंतच उतरलं. पाच वर्षं थांबून ४०० चे ३०० झाले. आणि हेसुद्धा मधे कव्हेनंट, म्हणजे कर्जाची अट, मोडलं नाही, बँकेने दार वाजवलं नाही, असं धरून. त्या दारावर मी बाहेरून उभी राहिले आहे, सोनू. आतल्या लोकांची गणितं किती सुबक होती ते मी पाहिलं आहे.

२००७ ची दोन डील शेजारी ठेवून वाच. टीएक्सयू ही टेक्सासमधली वीज कंपनी केकेआर, टीपीजी आणि गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक कंपन्यांनी कर्जासकट सुमारे ४५ अब्ज डॉलरला घेतली. त्या काळातला तो सगळ्यात मोठा बायआउट, म्हणजे कर्ज काढून केलेली खरेदी. खाली उभं होतं एकच गृहीत, की नैसर्गिक वायूचे भाव चढे राहतील, कारण तिकडे विजेचा दर वायूच्या भावामागे जातो. खडकांतून काढलेला शेल वायू आला, भाव कोसळले, आणि २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. दुसरं डील, २००७ मध्येच ब्लॅकस्टोन या फंडाने हिल्टन ही हॉटेल कंपनी सुमारे २६ अब्ज डॉलरला घेतली. पाठोपाठ मंदी आली, तेव्हा तिचंही काही खरं नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. पण २०१० मध्ये त्यांनी कर्जदात्यांशी बसून कर्ज कमी करून घेतलं, स्वतःचे आणखी पैसे घातले, हॉटेलं वाढवत राहिले आणि २०१३ मध्ये शेअर बाजारात आणली. दोन्हीकडे कर्ज होतं, दोन्हीकडे हुशार माणसं होती. तुझ्या डीलमध्ये सगळं ज्यावर उभं आहे तो एक आकडा कोणता? तो चुकला तर सावरायला वेळ आणि पैसा कुठून येणार? हे तुला कोणी न विचारताच सांगता आलं पाहिजे.

झालं, पुन्हा व्याख्यान. माफ कर. तुझ्या क्षेत्रातलं तुलाच शिकवायचा हेतू नव्हता.

शाळेत असताना सुटीच्या दिवशी तू माझ्याबरोबर ऑफिसात यायचीस. एकदा टेबलावरच्या प्रस्तावांमधले पुढच्या वर्षांचे अंदाज बघून तू विचारलंस, "आई, सगळ्यांचंच दरवर्षी वाढणार असं हे का लिहितात? कोणाचंच कमी होत नाही का?" आमचे साहेब पलीकडे उभे होते. ते तुझ्याकडे बघतच राहिले. नंतर कितीतरी दिवस ते कर्जदारांना तुझाच प्रश्न विचारायचे. तेव्हापासून मला माहीत आहे की तुला हे जमणार. त्या टेबलापाशी मी तुला ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने आजही पाहते, हे तुला फोनवर कळत नसेल.

पण मागच्या खेपेला "नाही" आलं, तेव्हा तू खोलीतून बाहेर आली नाहीस. तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला घेतलं होतं. बाबाही म्हणाले, काढू नकोस. तरी निघालाच. कंपनीचा डाउनसाइड, म्हणजे धंदा घसरला तर काय ते, तू मांडशील, त्याची मला खरं तर काळजी नाही. या वेळीही नाही म्हणाले तर तू आमचा फोन उचलशील ना, त्याची आहे. ताईलाही तू काही सांगितलं नव्हतंस. शेवटच्या फेरीत नकार कधी जागा दुसऱ्याला आधीच ठरल्यामुळे येतो, कधी त्यांना दुसऱ्या क्षेत्रातल्या डीलचा अनुभव हवा असतो. तू त्यातून स्वतःबद्दल काय काय काढतेस ते मी पाहिलं आहे, आणि ते सगळं खोटं होतं.

बाबांनी प्रश्न काढून ठेवले आहेत. ते डीलला मंजुरी देणाऱ्या कमिटीतले सगळ्यात खडूस सभासद होणार आहेत आणि त्यांची तयारी जोरात चालू आहे. शनिवारी सकाळी आम्ही दोघं मोकळे आहोत. तुझी दोन डील आम्हाला सांग, एक केलेलं आणि एक सोडलेलं. मी मधे बोलणार नाही.

तुझी,
आई