साथीदारांना नकाराचा हक्क हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात व्हिडिओ गेमची परीक्षणे येऊ लागली, याचा आनंद आहे. मात्र अद्भुतरम्य रोल-प्लेइंग गेमविषयी (ज्यांत खेळाडू कथेतल्या नायकाची भूमिका घेतो) लिहिताना दृश्यांची झळाळी, नकाशाचा विस्तार आणि लढायांचा थरार यांवरच सगळा भर असतो. नायकाबरोबर शेवटपर्यंत चालणाऱ्या साथीदारांची बोळवण एखाद्या ओळीत होते. माझ्या मते अशा गेमचा कस त्यांच्यावरच लागतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

कोणाला कोणते चिलखत द्यायचे, कोणाच्या पाठीवर किती ओझे लादायचे, ही कामे गेमने जितकी हलकी करावीत तितकी बरी. 2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये मोहिमेवर साधारणपणे चौघेच जातात, पण कॅम्पमध्ये, म्हणजे मुक्कामाच्या तळावर, थांबलेल्यांची लेव्हलही (ताकदीची पायरी) बरोबरीने वाढते, त्यामुळे मागे राहिलेला साथीदार पुढे निकामी ठरत नाही. हे शहाणपणाचे आहे.

लढाईतील हुकूम मात्र खेळाडूनेच विचारपूर्वक द्यायला हवेत. ‘फायनल फँटसी 12’मधील (2006) ‘गॅम्बिट’ पद्धतीत प्रत्येक साथीदारासाठी अटी आणि कृती यांची यादी लावता येते, आणि ती वरून खाली तपासली जाते. ‘समोरच्या शत्रूवर वार कर’ ही ओळ वर ठेवली आणि ‘मित्राची प्राणशक्ती निम्म्याखाली गेली तर उपचार कर’ ही खाली, तर शत्रू समोर असेपर्यंत पहिलीच अट खरी ठरत राहते. हीलर, म्हणजे उपचार करणारा साथीदार, वार करत राहतो आणि त्याच्या शेजारचा मित्र कोसळतो. दोन ओळींची अदलाबदल केली की तोच गट तग धरतो.

खरी जोखीम आहे ती साथीदारांची मने सांभाळण्यात. 1998 च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये खालिद आणि जहीरा हे दांपत्य आहे; एकाला गटातून काढले की दुसराही निघतो. गटाची कीर्ती फार वाढली की दुष्ट प्रवृत्तीचे साथीदार आधी कुरकुरतात आणि मग चालते होतात. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (2009) पवित्र अस्थी भ्रष्ट केल्या, तर बरोबर असलेली विन, जी एरवी जखमा भरून काढते, ती आपल्यावरच उलटते. हा प्रसंग मला अतिशय मोलाचा वाटतो, कारण तिच्या श्रद्धेची किंमत तिथे खेळाडूला प्रत्यक्ष मोजावी लागते.

परंतु त्याच गेममध्ये साथीदाराची मर्जी आकड्यात दिसते आणि भेटवस्तू देऊन ती वाढवताही येते. म्हणजे एखाद्याच्या देखत त्याला न पटणारे कृत्य करावे आणि रात्री कॅम्पमध्ये त्याच्या आवडीची वस्तू हातावर ठेवून नाराजी मिटवावी! एकाच व्यक्तीला दिलेल्या पुढच्या प्रत्येक भेटीचा परिणाम थोडा कमी होत जातो, हे खरे. तरी मर्जी विकत मिळते ती मिळतेच. दुसरी पळवाट म्हणजे आक्षेप घेईल अशा साथीदाराला कॅम्पमध्येच ठेवून जाणे. ‘बाल्डर्स गेट 3’ने मोठ्या निर्णयांपुरती ही वाट बंद केली आहे: आश्रयाला आलेल्या निर्वासितांच्या कत्तलीत सामील झालात, तर कार्लाख आणि विल हे साथीदार गट सोडतात, आणि त्यांचे कौशल्य उरलेल्या मोहिमेत तुम्हाला मिळत नाही. नुकसान मोठे आहे, आणि ते तसेच असायला हवे. साथीदाराला ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर त्याच्यात आणि नायकाच्या ढालीत फरक तो काय?

आपल्या परीक्षकांना विनंती आहे की, पुढील रोल-प्लेइंग गेमविषयी लिहिताना एवढे अवश्य नोंदवावे: त्यातले साथीदार कशामुळे दुरावतात, दुरावले तर परत येतात का, आणि त्यांची मर्जी भेटवस्तूंनी विकत घेता येते का. गेम घ्यावा की नाही, हे मी तरी यावरूनच ठरवतो.

आपला,
एक नियमित वाचक