चि. स्वातीस पत्र

रावेर

चि. स्वाती,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू "आप्पा, माझ्या डॉक्टरांना परस्पर फोन करायचा नाही" म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. त्यांनी मला काहीही सांगितलं नाही, हे तुला कळायला हवं. मी बोललो ते ऐकून घेतलं, आणि "तिच्या परवानगीशिवाय मला बोलता येणार नाही" म्हणाले. तेव्हा राग आला. सुमन म्हणाली, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही गुप्तता पेशंटचा हक्क आहे. डॉक्टर चांगला आहे तुझा.

पण पाणी पितेस ना? आखाजीला येशील तेव्हा इथे पारा 45 ला टेकतो.

दिवाळीत तुझ्या पर्समधून गोळ्यांची पट्टी पडली होती, ती आईने जपून ठेवलीय. लिथियम. सुमनने सांगितलं, घाम फार गेला, उलट्या-जुलाब झाले की याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. हात थरथरतात, चाल अडखळते. ब्रुफेनसारख्या गोळ्याही त्यावर परस्पर घ्यायच्या नसतात. गेल्या आखाजीला तुला ताप आला तेव्हा आईने ब्रुफेनच पुढे केली होती. तू मुकाट्याने हातात घेतलीस. खाल्लीस की टाकलीस, विचारायची हिंमत आजवर झाली नाही.

अण्णाकाकाचं तू पाहिलंस. दवाखान्यातली गोष्ट भाऊबंदकीत गेली, तिथून बाजारात. म्हणून तू गप्प राहतेस, ते समजतं मला. पाचवीत बाभळीचा काटा मोडला तरी लंगडत शाळेत गेलीस, पाय सुजला तेव्हा आम्हाला कळलं. तीच तू एकटी पुण्याला गेलीस, डॉक्टर स्वतः शोधलास, नोकरी टिकवलीस. आपल्या घरात एवढी धमक कुणात नव्हती गं.

तरी माणसाने सगळं एकट्याने ओढू नये. आजारपणात घरच्यांना... जाऊ दे, भाषण नको. माफ कर.

एक मात्र कर. कोऱ्या कागदावर सही करून एखाद्या सज्ञान माणसाचं नाव 'नामनिर्देशित प्रतिनिधी' म्हणून देता येतं. त्याचा लेखी होकार लागतो. काळजी घ्यायला लागेल तेवढी माहिती डॉक्टर त्याला देऊ शकतात, आणि तुला वाटेल तेव्हा नाव बदलता येतं. डॉक्टरांपाशी तू मनातलं काय बोलतेस ते मला नको. गोळी कोणती, किती, आणि रात्री-अपरात्री काही बिघडलं तर फोन कुणाला करायचा, एवढं कुणाला तरी माहीत असावं. माझाच हट्ट नाही. ताईचं लिही, खोलीतल्या मैत्रिणीचं लिही.

आई खापरावरचे मांडे करणार आहे. दुपारच्या गाडीने येऊ नकोस, उन्हाचं उतरावं लागेल. बाटली भरून घे. आणि मीठ एकदम कमी करायचं नसतं म्हणे, डॉक्टरांना विचार. बघ, पुन्हा तेच सुरू केलं मी.

कागदावर कुणाचं नाव लिहिलंस ते मला सांगितलं नाहीस तरी चालेल. लिहिलंस, एवढं कळव.

तुझे
आप्पा