न मागता कोणी वाढत नाही

ड्रेस्डेन, १२ नोव्हेंबर

ती. आई-पप्पा आणि आजीस,
सा. न. वि. वि.

यंदा किरणोत्सवात मावळतीची किरणं अंबाबाईच्या मुखापर्यंत पोचली का, की ढग आडवे आले? फोनवर विचारायचं राहूनच गेलं. इथं साडेचारच्या आत सूर्य मावळतो. हिवाळी वेळ सुरू झाल्यापासून आपल्यात साडेचार तासांचा फरक आहे, त्यामुळं मी खोलीवर येईतो तुमची निजानीज झालेली असते. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आई, तू सारखी विचारतेस, माणसं कशी आहेत? चांगली आहेत, पण आपल्यासारखी आपणहून चौकशी करत नाहीत. वसतिगृहात स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून एक, फ्रिजचा एकेक कप्पा वाटून दिलेला. शेजारच्या खोलीतली मुलगी माझ्यासमोर एकटी जेवते आणि "जेवलीस का?" एवढंही विचारत नाही. आपल्या कोल्हापुरात, मंगळवार पेठेत दारावरून जाणाऱ्यालाही चहाला बोलावतात, त्यामुळं मला हे फार लागलं होतं. आता कळतंय, दुसऱ्याच्या कामात न विचारता शिरायचं नाही, ही इथली रीत आहे. तोंड उघडलं की मात्र हीच माणसं धावून येतात. परवा विम्याच्या कंपनीचं जर्मनमधलं पत्र आलं. मी त्याच शेजारणीच्या दारावर टकटक केली आणि सरळ सांगितलं, मला यातलं काही कळत नाही. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं, पेन्सिलीनं एकेका ओळीखाली खुणा करत पत्र समजावलं आणि कंपनीला फोनही तिनंच लावला.

वर्गातही तसंच. मुलं सरांना मध्येच थांबवून "हे पटत नाही" म्हणतात आणि सर शांतपणे ऐकून घेतात. तास संपला की सगळे मुठीनं बाक ठोकतात, तीच इथली टाळी. पप्पा, इथं १.० म्हणजे सर्वांत उत्तम आणि ५.० म्हणजे नापास. निकालात आकडा लहान दिसला तर काळजी करू नका.

रविवार मात्र मला अजून खायला उठतो. दुकानं बंद, रस्ते सुनसान. रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा त्या दिवशी कुंडीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. तालमीच्या दारात वाढलेल्या पोरीला याची सवय व्हायला वेळ लागणारच.

आजी, पणजोबा गावाकडून शिकायला येऊन बोर्डिंगात राहिले होते ना? शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं इतर समाजांचीही बोर्डिंगं झाली, म्हणून तर खेड्यातली पोरं कोल्हापुरात शिकू शकली. त्यांनाही शहर परकंच वाटलं असणार. अडलं की ते कुणाकडं जायचे, तुला आठवेल तेवढं दादाकडून लिहवून पाठव. मला मनापासून ऐकायचंय.

पार्सलात तूप, पेढे घालू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ टपालानं आणायला बंदी आहे, काढून टाकतील. कांदा-लसूण चटणी मात्र दुहेरी पिशवीत बांधून जरा जास्तच पाठव. शेजारणीनं आपणहून सांगितलंय, तिला तांबडा-पांढरा खायचाय. पांढऱ्या रश्श्याला खसखस किती घ्यायची तेही कळव.

तुमचीच,
धाकटी