क्लाउडचे खाते कोणाच्या नावावर आहे?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. जमिनीचा भाव, विजेची मागणी, गुंतवणूक यांवर भरपूर लिहिले जाते. पण त्याच ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा पंधरा-वीस माणसांचा कारखाना, वागळे इस्टेटमधला फॅब्रिकेशनचा गाळा किंवा वाशीच्या बाजार समितीतला व्यापारी आपले हिशेब ‘क्लाउडवर’ टाकतो, तेव्हा तो नेमके काय विकत घेतो हे त्याला कोणी नीट समजावून सांगत नाही. त्यासाठी हे पत्र.

क्लाउड म्हणजे भाड्याचा संगणक. इमारत, वीज, जनरेटर, एसी, बिघडलेली डिस्क बदलणे ही कामे मालक कंपनीची. आत ठेवलेला डेटा, त्याचा बॅकअप, पासवर्ड आणि आत कोणाला सोडायचे हे सगळे भाडेकरूचे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. ऑफिसातला यूपीएस अशा वेळी अर्धा तास टिकला तरी खूप. तळमजल्यावरच्या गाळ्यांना पावसाळ्यात पाण्याची धास्ती असते ती वेगळीच. म्हणून ऑफिसातला सर्व्हर हलवण्याचा निर्णय बहुतेकांसाठी बरोबरच आहे. चूक पुढे होते. ‘क्लाउडवर आहे, म्हणजे बॅकअप आहेच’ असे गृहीत धरले जाते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्यांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींची ८५८ टेराबाइटची साठवण नष्ट झाली. तिचीही प्रत कुठेच नव्हती. तिथे एका देशाच्या सरकारचे हे झाले, आपल्या गाळ्याची काय कथा?

सर्वांत आधी तपासायची गोष्ट म्हणजे खाते कोणाच्या नावावर आहे. ओळखीचा संगणकवाला येतो, स्वतःच्या ईमेलवर खाते उघडतो, स्वतःचे कार्ड लावतो आणि दरमहा बिल पाठवतो. हे सोयीचे वाटते. पण त्याच्याशी बिनसले, तो गाव सोडून गेला किंवा त्याने बिल थकवले, तर कंपनीकडे दाखवायला तुमच्या हातात काहीच नसते. तिच्या लेखी ग्राहक तो आहे, तुम्ही नाही. म्हणून मूळ खाते, ज्याला रूट म्हणतात, ते कारखान्याच्या स्वतःच्या डोमेनवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नोंदणीकृत नावावरच्या, ईमेलने उघडावे. मोबाइल नंबर मालकाचा द्यावा, दुहेरी पडताळणी मालकाच्या फोनवर लावावी आणि संगणकवाल्याला मर्यादित अधिकारांचा वेगळा यूजर करून द्यावा. डोमेनचे नूतनीकरणही चुकवू नये. डोमेन संपले की ईमेल बंद पडतो आणि पासवर्ड बदलण्याची लिंकही मिळत नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १५,००० रुपयांवरचे आवर्ती कार्ड पेमेंट ओटीपीशिवाय आपोआप कापले जात नाही. एखाद्या महिन्यात बिल ती मर्यादा ओलांडते, पेमेंट अडकते आणि आठवणीचे ईमेल कोणी न पाहिलेल्या पेटीत पडून राहतात. मग खाते स्थगित होते. तरीही पैसे भरले नाहीत तर शेवटी डेटा पुसला जातो.

आपल्या भागात सर्वाधिक खपणारा प्रकार म्हणजे ‘टॅली ऑन क्लाउड’. एका विंडोज सर्व्हरवर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर टाकतात आणि रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या संगणकावरून दूरच्या सर्व्हरचा पडदा उघडून, चार-पाच जण त्यावर काम करतात. यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली परवान्याची. विंडोज सर्व्हर देखभालीसाठी फक्त दोन रिमोट जोडण्या देतो. त्याहून जास्त माणसांसाठी रिमोट डेस्कटॉपचे परवाने माणशी विकत घ्यावे लागतात. ते न घेताही १२० दिवसांची सवलत मिळते. त्यामुळे चार महिने सगळे सुरळीत चालते आणि एका सकाळी कोणालाच लॉगिन होत नाही.

दुसरी बाब जास्त घातक आहे. रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट ३३८९, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरण्याचे दार, साऱ्या जगाला उघडे असते. फायरवॉल म्हणजे सर्व्हरचा पहारेकरी. त्याच्या नियमात परवानगीच्या रकान्यात ०.०.०.०/० लिहिलेले दिसले की समजावे, कोणीही दार वाजवू शकतो. पासवर्ड फोडणारे प्रोग्राम असे पोर्ट रात्रंदिवस शोधत असतात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर बरेचदा याच वाटेने शिरते. दार उघडे ठेवण्याचे कारण बहुधा साधे असते. ऑफिसच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, बदलत राहतो, रोज तक्रार नको म्हणून संगणकवाला सगळ्यांनाच परवानगी देऊन टाकतो. उपायही साधा आहे. इंटरनेटवाल्याकडून स्थिर आयपी घ्यावा आणि तेवढ्यालाच परवानगी द्यावी, किंवा व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बंद वाटेनेच, आत जाण्याची सोय करावी.

बिलात सर्व्हरचे भाडे ही फक्त एक ओळ असते. महिन्याचे तास ७३०. सकाळी नऊ ते रात्री आठ, २६ दिवस काम धरले तर २८६ तास होतात. उरलेल्या वेळी सर्व्हर आपोआप बंद होईल असे वेळापत्रक लावले तर भाडे निम्म्याहून खाली येते. डिस्कचे पैसे मात्र बंद सर्व्हरवरही चालूच राहतात. ॲमेझॉनच्या क्लाउडवर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला अर्धा सेंट लागते, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या थोडे वर. डेटा आत टाकायला फुकट, बाहेर काढायला पैसे. त्यांच्या मुंबई विभागातून, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरांतून, महिन्याला पहिले १०० जीबी मोफत, पुढे जीबीमागे साधारण ११ सेंट. रोज २० जीबीचा पूर्ण बॅकअप ऑफिसात उतरवला तर महिन्याला ६०० जीबी होतात आणि केवळ त्याचेच सुमारे ५५ डॉलर पडतात. फक्त बदललेला भाग उतरवला तर हा खर्च जवळपास नाहीसा होतो. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो परत मिळवायचा तर खात्यात जीएसटी क्रमांक भरलेला हवा. ‘बजेट अलर्ट’ जरूर लावावा, पण तो फक्त ईमेल पाठवतो, मीटर थांबवत नाही.

स्वस्त म्हणून घेतलेल्या ॲमेझॉनच्या ‘टी३’ जातीच्या सर्व्हरचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. टी३ मीडियममध्ये दोन प्रोसेसर दिसतात, पण सतत वापरासाठी हक्क प्रत्येकाच्या २० टक्क्यांचाच असतो. त्याहून जास्त वापर शिलकीतल्या क्रेडिटमधून, म्हणजे कमी वापराच्या वेळी साठलेल्या हक्कातून, होतो. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, जीएसटी विवरणपत्रांच्या गडबडीत दिवसभर अहवाल काढले जातात तेव्हा ही शिल्लक संपते. पुढे सेटिंगप्रमाणे एक तर सर्व्हर रांगायला लागतो, नाही तर बिल वाढते.

करारातल्या टक्क्यांनीही फसू नये. एकटा सर्व्हर चालू राहण्याची ९९.५ टक्के हमी म्हणजे महिन्याला सुमारे ३ तास ३९ मिनिटे तो बंद राहिला तरी करारभंग होत नाही. त्याहून जास्त बंद राहिला तर पुढच्या बिलात सूट मिळते. बुडालेल्या धंद्याची भरपाई मिळत नाही.

आता बॅकअप. प्रती तीन हव्यात. एक चालू सर्व्हरवर. दुसरी दुसऱ्या शहरातल्या विभागात, उदाहरणार्थ काम मुंबईत असेल तर हैदराबादला. तिसरी पूर्णपणे वेगळ्या खात्यात किंवा ऑफिसातल्या डिस्कवर, जी एरवी काढून ठेवलेली असेल. सगळ्या प्रती एकाच खात्यात असतील तर त्या खात्यात घुसलेला माणूस आधी बॅकअपच पुसतो. टॅलीची प्रत सगळे बाहेर पडल्यावर घ्यावी. चालू व्हाउचरच्या मध्येच घेतलेली प्रत उघडताना दगा देऊ शकते.

आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत उघडून पाहावी. एक नवा रिकामा सर्व्हर चालू करायचा, त्यावर फक्त बॅकअपवरून टॅलीतली आपली पुस्तके उभी करायची, जुन्या सर्व्हरला हात लावायचा नाही. मग अकाउंटंटने बसून तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवायची, शेवटचा व्हाउचर क्रमांक, अखेरचा माल आणि पाच मोठ्या गिऱ्हाइकांची येणी ताडून पाहायची. सुरुवात केल्यापासून पहिले बिल छापेपर्यंत किती वेळ लागला तो वहीत लिहायचा. ५०० जीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून यायला सगळे उत्तम असताना ११ तास लागतात. तेवढा वेळ गेटवर माल भरलेली गाडी थांबवता येईल का, याचा विचार आजच करता येतो. चाचणी झाली की तो सर्व्हर त्याच्या डिस्कसकट काढून टाकावा, नाही तर त्याचेही बिल सुरू राहते.

कायद्याचे थोडक्यात. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर असणे बंधनकारक आहे. सायबर हल्ला झाला तर लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवावे लागते. हा ईमेल कोण पाठवणार, त्याचे नाव आधीच ठरलेले असावे.

वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या उद्योजक संघटनांना विनंती की त्यांनी सभासदांसाठी ही बॅकअप उघडण्याची चाचणी एखाद्या शनिवारी प्रत्यक्ष करून दाखवावी. भाषण नको, एका सभासदाची खरी प्रत घेऊन तेरीज जुळेपर्यंत. आणि नवी ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. करार संपल्यावर डेटा किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात परत मिळेल, आणि त्यानंतर त्याच्याकडच्या प्रती कधी पुसल्या जातील.

आपला,
एक वाचक
घणसोली, नवी मुंबई