आयुष्मान कार्ड अडतं ते वडिलांच्या मोबाइल नंबरावर

संपादक महोदय,

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. पण १८ ते २५ वयातली मुलं कार्ड काढायला बसली, की बऱ्याचदा ओटीपीपाशीच अडतात. आधार लहानपणी काढलेलं, नंबर वडिलांचा आणि ते सिम केव्हाच बंद पडलेलं. बोट लावावं तर तेही जुळत नाही. वयाच्या १५ व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यायची असते. दहावीच्या धांदलीत ते राहूनच जातं. म्हणून पोर्टल उघडण्याआधी आधार केंद्र गाठावं आणि ठसे व स्वतःचा मोबाइल नंबर, दोन्ही कामं एकाच फेरीत उरकावीत.

पुढचा अडसर नावाचा. पोर्टलवर दिसणारी कुटुंबाची यादी शिधापत्रिकेवरून किंवा २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणातून आलेली असते. तिथे नुसतंच ‘सोनू’, आधारवर मात्र पूर्ण नाव आणि आडनाव. जन्मवर्षातही एखाद्या वर्षाचा फरक. जुळणी कमी पडली, की अर्ज पडताळणीत लटकतो किंवा नामंजूर होतो. तोच अर्ज पुन्हा पुन्हा भरून काही साधत नाही. शिधापत्रिकेतलं नाव चुकलं असेल तर ते गावाकडे तहसील कार्यालयात, मोठ्या शहरात शिधावाटप कार्यालयात आधारप्रमाणे करून घ्यावं.

नुकतंच लग्न झालेल्या मुलींची तर फारच ओढाताण होते. माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी होतं, सासरच्या पत्रिकेत अजून चढलेलं नसतं; मधल्या काळात ती कुठल्याच यादीत नसते. नाव कमी केल्याचा दाखला त्याच दिवशी मागून घ्यावा. तो नसला तर सासरी अर्ज पुढे सरकत नाही.

कार्ड हाती आल्यावरही एक गैरसमज उरतो. साध्या तापाच्या गोळ्यांसाठी ते चालत नाही. योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर, ठरवून दिलेल्या उपचारांनाच ते लागू होतं. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटावं. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

महाविद्यालयांत मतदार नोंदणीची शिबिरं भरतात. त्याच मांडवात आधारचं यंत्र आणि शिधापत्रिकेतल्या दुरुस्तीचे अर्ज घेणारा एक कर्मचारी बसवावा. जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या प्रवेशाच्या हंगामापासूनच ही सोय सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक