आशाताई, तुम्ही आईकडेही पाहिलंत

आशाताई, सप्रेम नमस्कार.

बाबांना लकवा मारला तो मागच्या रोवणीत. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात-पाय लुळा, बोलणं बंद. येणारा-जाणारा काहीतरी सांगून जायचा. कुणी जडीबुटीचं तेल, कुणी कबुतराचं रक्त. गावच्या आशा सेविका म्हणून तुम्ही मात्र पडवीत बसून आईकडून एकेक गोष्ट करून घेतलीत. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा सुटतो. पातळ पेजेने ठसका लागतो, म्हणून ती घट्ट करून, ताठ बसवून, थोडी थोडी भरवायची. बरं वाटलं तरी बीपीची गोळी सोडायची नाही. शिवाय, बाबांचे शब्द गेलेत, समज गेलेली नाही, तेव्हा त्यांच्याशी बोलत राहा, हे तुम्हीच पहिल्यांदा सांगितलंत.

तरी हे पत्र लिहायला बसलो ते आईसाठी. लोक बाबांची चौकशी करत. आईला कुणी विचारत नसे. नवऱ्याचं बायकोने करायचं, त्यात विचारायचं काय! एक दिवस बाबांचं बीपी मोजून झाल्यावर तुम्ही तोच पट्टा आईच्या दंडाला गुंडाळलात. तिचं बाबांपेक्षा जास्त निघालं. मग आम्हा भावांना बसवून कामं वाटून दिलीत. रात्रीची कूस माझ्याकडे, अंघोळ मोठ्याकडे, दुपारी आईने झोपायचं, आणि बाजाराच्या दिवशी तिने बाजारात जायचंच. लोक काय म्हणतील, असं आई म्हणाली. तुम्ही म्हणालात, "तू पडलीस तर दोघांचं कोण करणार?" आता तिचीही गोळी चालू आहे, आणि ती बाजारातून भाजीसोबत गावभरच्या बातम्याही आणते. बाबा त्या कान देऊन ऐकतात.

शोधग्रामच्या सर्च संस्थेने आपल्या गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला होता, २०११ ते २०१३ या काळातला. सर्वाधिक मृत्यू लकव्याने झालेले निघाले, सातातला एक. त्यातल्या बहुतेकांनी घरीच प्राण सोडला. म्हणजे इतक्या घरांत कुणाची तरी आई, सून, लेक एकटी करत बसली असेल. माझ्या मते लकव्याच्या प्रत्येक घरात सांभाळणाऱ्या बाईचंही बीपी मोजलं गेलं पाहिजे. ते तुम्ही कुणी न सांगता केलंत. आमच्या पडवीत गेलेल्या तुमच्या दुपारींचा मोबदला कुठल्या रकान्यात बसला असेल असं वाटत नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं.

पलीकडच्या वस्तीवर एका काकांना लकवा मारल्याचं कळलं. घरात सून एकटीच आहे म्हणतात. कूस कशी बदलायची, कसं भरवायचं हे दाखवायला आई तुमच्यासोबत यायला तयार आहे. बाबांजवळ मी थांबेन. कधी जायचं तेवढं कळवा.

तुमचा,
बाबांचा धाकटा