नर्स आली की तू पण खोलीत बस

प्रिय राजा,

काल फोनवर बोलता बोलता म्हणालास की नर्स घरी येऊन बाळाला आणि सूनबाईला तपासून गेली आणि तू बाहेरच थांबलास, "माझं तिथे काय काम". तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय.

तुझंच तर काम आहे रे. तिचे टाके अजून दुखतायत, झोप अशी सलग नाहीच, त्यात बाळ कधी प्यायलं आणि किती लंगोट ओले झाले हे तिने कुठे लक्षात ठेवायचं? तू मोबाईलमध्ये लिहीत जा. २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं आणि पाचव्या दिवसापासून रोज निदान ६ ओले लंगोट, एवढं जुळलं की दूध पुरतंय की नाही ही धाकधूक बरीच कमी होते. सुरुवातीला वजन थोडं उतरतं आणि साधारण २ आठवड्यांत भरून निघतं, त्यावरून तिच्या दुधाला कोणी नावं ठेवायला लागलं तर तिथेच थांबव.

कावीळ बघताना बाळाला खिडकीजवळ उजेडात घे, छातीवर बोट हलकेच दाबून उचल, तिथली कातडी पिवळी दिसली तर नर्सला सांग. बाळ पिईना, सुस्त पडलं किंवा ताप ३८ डिग्री सेल्सियसला (म्हणजे १००.४ फॅरनहाइटला) गेला तर मात्र व्हिजिटची वाट बघू नकोस, सरळ डॉक्टर गाठ. तिचंही तसंच, एक पॅड तासाभरात पूर्ण भिजत असेल किंवा डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधुक होत असेल तर लगेच निघायचं, बीपी बाळंतपणानंतरही वाढू शकतं. आणि पहिल्या काही दिवसांत तिला उगाच रडू येईल, तेव्हा जवळ बस, पण २ आठवडे उलटूनही ती तशीच असेल तर डॉक्टरांशी बोला.

आता तुझं. तुझ्या वेळी नर्स यायची ती फक्त तुझ्या आईशी बोलायची, मी फाईल धरून बाजूला उभा, रात्री तू झोपलास तरी मला झोप लागायची नाही, छाती धडधडायची, पण बापाला विचारायची पद्धतच नव्हती आणि ते मला आजही खटकतं. २०१० मध्ये जामा नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, बाळ येण्याच्या आगेमागे साधारण १०% बापांना डिप्रेशन येतं असं त्यात निघालं. म्हणजे दहात एक, हे काय थोडे झाले? तेव्हा चिडचिड होत असेल, बाळाजवळ जावंसंच वाटत नसेल, तर नर्सला तुझंही सांग, तिने विचारलं नाही तरी सांग.

पुढची व्हिजिट कधी आहे ते कळव. प्रश्न आदल्या रात्रीच लिहून ठेव, समोर आल्यावर निम्मे विसरतात.

तुझा,
बाबा

ता.क. नाळेला तेल, पावडर काही लावू नका, कोरडी ठेवा, आपोआप गळते. आजूबाजूला लाल झालं किंवा वास यायला लागला तर दाखवा.